तिसरा चौकोन

"मग मी जाऊ नको, असं म्हणता का मास्तर?"

मास्तर मैदानातले खडे वेचत होते.

"सांगा की. नाही म्हणायचं तर तोंडावर नाही म्हणा."

मास्तरांनी एक खडा उचलला, अंगठ्याने पुसला आणि उलट्या टोपीत टाकला.

नरहर मास्तर म्हणजे आमच्या तालुक्यातला खो-खो. एकोणचाळीस वर्षं त्यांनी या एका मैदानावर मुलं-मुली पळवली. शाळेतून निवृत्त झाले, मैदानातून झाले नाहीत. वय ऐंशीच्या पुढं. दोन्ही गुडघे गेलेले. खडे वेचायला ते काठीवर भार देऊन वाकत, पण बसत नसत. खाली बसले की उठणं नव्हतं.

विचारणारा हेमंत इंगवले. मास्तरांचाच चेला. आता कॉलेजच्या मुलींच्या संघाचा प्रशिक्षक. छाती काढून चालायचा, आणि त्याला तसा हक्कही होता. अकरा वर्षांत त्याच्या हाताखालून तीन मुली विद्यापीठाच्या संघात गेल्या. त्याच्या आधी एकही गेली नव्हती.

मैदानावर पाणी मारायचं काम माझं. त्या दुपारी नळी माझ्या हातात होती. जे ऐकलं तेवढंच लिहितो.

"बंगळुरूचं बोलावणं आहे," हेमंत म्हणाला. "लीगचा संघ. खेळ मॅटवर, छताखाली. तिथं खडे वेचावे लागत नाहीत."

"कधी जायचं?"

"शिबिर उद्यापासून. ते थांबायला तयार नाहीत. गाडी पाठवलीय."

फाटकाबाहेर पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हर बॉनेटला टेकून केळं खात होता.

"विभागीय सामने?"

"पुढच्या बुधवारी."

"नऊ दिवस."

"मला मोजता येतं, मास्तर."

"मुलींना सांगितलंस?"

हेमंतने फाटकाकडे पाहिलं.

"तुम्ही सांगाल का?"

मास्तर सरळ झाले. काठी जमिनीत रोवली.

"म्हणजे आशीर्वादाला नाही आलास. निरोप्या शोधत आलास."

"दोन्हीला आलो."

"खरं बोललास. बरं वाटलं."

हेमंतचा चेहरा लाल झाला. त्याला टोमणे सोसत नसत. लहानपणापासून नाही.

"अकरा वर्षं तासिकेवर आहे मी. दर जूनला नवा अर्ज. 'यंदा कायम करू' म्हणता म्हणता तीन प्राचार्य निवृत्त झाले. आणि तुम्ही टोचता. तुम्हालाही दिल्लीचं बोलावणं आलं होतं. साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. तुम्ही राहिलात. राहून काय मिळालं तुम्हाला?"

"काही नाही."

त्याला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं.

"काहीच नाही?"

"गुडघे दुखतात. ते मिळालं म्हणायचं तर मिळालं."

"आणि मुली? तुमच्या हाताखालच्या?"

"त्या गेल्या. कुणाचं बारावीत लग्न लागलं. कुणी द्राक्षाच्या बागेत डबे भरतेय. एक परवा बाजारात भेटली. पाया पडली आणि पोराला म्हणाली, हे मास्तर, मी यांच्याकडं पळायची. पोरगं हसलं. आई पळायची हे त्याला खरंच वाटेना."

"तुम्ही असूनही असं?"

"मी असूनही."

"मग मी राहून तरी काय होणार आहे?"

"मला माहीत नाही."

हेमंत बघत राहिला. आयुष्यभर मास्तरांना सगळं माहीत असतं, असं त्याला वाटत आलं होतं.

माझ्या नळीचं पाणी एकाच जागी साचत होतं. मी पुढं सरकलो.

"मग अडवता कशाला मला?"

"कोण अडवतंय? बूट काढ."

"काय?"

"मैदानात उभा आहेस. बूट काढ."

नवे बूट होते. पांढरे, बाजूला संघाचं चिन्ह. बंगळुरूहूनच आलेले असावेत. या मैदानावर अनवाणी खेळायचं, हा मास्तरांचा कायदा. खडे वेचायचे ते त्यासाठीच. हेमंतने बूट काढून कडेच्या रेघेबाहेर ठेवले. मोजे आत नीट घडी करून. तीही मास्तरांचीच शिकवण.

"आता तिसऱ्या चौकोनात बस."

"मास्तर, गाडी..."

"बस."

तो जाऊन बसला. मधल्या पट्टीत आठ चौकोन असतात. एकाचं तोंड इकडं, पुढच्याचं तिकडं. तिसऱ्याचं तोंड फाटकाकडं येतं. शाळेपासून कॉलेजपर्यंत नऊ वर्षं हेमंतची हीच जागा होती. गुडघे दुमडले, टाचा उचलल्या, बोटं मातीला टेकवली. चाळिशीचा माणूस एका क्षणात बारा वर्षांचा दिसायला लागला.

"कधी उठायचं?"

"हे मी तुला पुन्हा शिकवू?"

"...खो मिळाला की."

"मग."

मास्तर त्याच्या मागं उभे राहिले.

"जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात तू वळलास," मास्तर म्हणाले. "आठवतं?"

"समोरच्या संघातला पोपट पळता पळता पडला होता. कपाळ फुटलं होतं त्याचं."

"पाठलाग करताना एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत वळायचं नाही."

"रक्त येत होतं, मास्तर."

"फाउल झाला. त्यातच आपण हरलो."

"तुम्ही सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या होत्या."

"एक."

"दोन."

"...दोन असतील."

हेमंत हसला. थोडंसंच.

"पोपट अजून दर दिवाळीला घरी येतो. म्हणतो, आठ जण बसले होते, तू एकटा वळलास."

साडेचारला मुली आल्या. चपला रेघेबाहेर, मातीला हात लावून कपाळाला. मग ठरल्याप्रमाणे मूठभर खडे वेचून मास्तरांच्या टोपीत. तेव्हा कुठं त्यांना पट्टीत बसलेले सर दिसले.

"अगं बाई! सरांना शिक्षा!" धनश्री म्हणाली. ती संघाची कप्तान. जीभ पायांपेक्षा वेगात.

"काय केलं हो सरांनी, मास्तर?"

"अजून केलं नाही. तुम्ही बसा."

हसत-खिदळत सात जणी उरलेल्या चौकोनांत बसल्या. धनश्री चौथ्यात, सरांकडं पाठ करून.

पळायला रुक्साना मुलाणी उभी राहिली. संघात तिच्याइतकी चपळ कुणी नव्हती. हूल अशी द्यायची की समोरच्याचे पाय एकमेकांत अडकावेत. तिचे अब्बा टेम्पो चालवतात. दोन वर्षांपूर्वी ते याच मैदानावर आले होते. सगळ्यांसमोर हेमंतचा हात हातात घेऊन म्हणाले होते, "सर, तुम्ही हायसा तवर खेळंल." हेमंतने दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला होता. मी होतो तिथं.

"पाठलागाला कोण?" धनश्रीने विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

मुली पोट धरून हसल्या.

"मास्तर, रुक्सानाला पकडणार तुम्ही?"

"बघू की."

काठी खांबाला टेकवून ठेवली आणि मास्तर चालू लागले. पट्टीच्या कडेनं, एकेक पाऊल. रुक्सानाला पळायची गरजच नव्हती. ती त्यांच्यापासून दोन हात पुढं, उलट्या पावलांनी चालत होती. कुठं पडलेच तर धरता यावं एवढ्याच अंतरावर.

तिची नजर फाटकाकडं गेली.

"सर, ही गाडी कुणाची?"

हेमंत मातीकडं बघत राहिला.

"सर?"

"मास्तर सांगतील."

"मी नाही," मास्तर म्हणाले. "गाडी माझ्यासाठी नाही आली."

"मी चाललोय," हेमंत म्हणाला. फाटकाकडंच बघत म्हणाला. "बंगळुरूला. लीगच्या संघाकडं."

हसू थांबलं.

एकही मुलगी जागची उठली नाही. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यानंच त्यांच्या अंगात मुरवलं होतं. चौघींना त्याची नुसती बाजू दिसत होती. बाकीच्यांना तीही नाही.

"किती दिवस?" धनश्रीने विचारलं. तिची पाठ त्याच्याकडंच होती.

"सांगता येत नाही."

"बुधवारी यालच की."

"नाही."

"सुटी काढून?"

"नाही, धनश्री."

"मग आम्हाला कोण बघणार? खांबावर सूर मारताना माझा हात सुटतो. तुम्हीच म्हणालात, नऊ दिवसांत बसवू."

"हात सुटत नाही. तू डोळे मिटतेस."

"हे आज सांगताय?"

रुक्साना त्याच्या समोर येऊन उभी राहिली. त्याला तिच्या पायांकडं बघावं लागलं.

"अब्बांना काय सांगू?"

"सांग, मास्तर आहेत."

"अब्बांनी मास्तरांचा हात धरला नव्हता."

"मी फोन करीन त्यांना."

"ते उचलतील, सर. सगळं ऐकून घेतील. तुमच्याशी ते कधी वाकडं बोलायचे नाहीत."

"मग?"

"मिरजेचे पाहुणे दिवाळीपासून थांबलेत. सामने आहेत, सरांना शब्द दिलाय, म्हणून अब्बा त्यांना पुढं ढकलत होते." ती थांबली. "आता कुठं शब्द राहिला?"

हे तिनं रागानं म्हटलं नाही. कुणी वेळ विचारली तर सांगावी, तसं सांगितलं.

"रुक्साना, अजून नऊ दिवस..."

"सर, पाहुणे या गुरुवारीच मला बघायला यायला तयार आहेत. अम्मीला तेवढंच पाहिजे."

ती कडेच्या रेघेवर जाऊन बसली. उजव्या घोट्याची पट्टी सोडायला लागली. गेल्या साली घोटा मुरगळला, तेव्हा ती कशी बांधायची ते हेमंतनंच शिकवलं होतं. खालून वर, प्रत्येक वेढा अर्धा चढवून. तिनं ती सावकाश उलगडली. मांडीवर ठेवून घट्ट गुंडाळी केली. त्याच्या बुटांशेजारी ठेवून दिली.

मग चपला घालून ती भिंतीपाशी उभी राहिली. गेली नाही. पण खेळणाऱ्यांत नव्हती.

"मास्तर," हेमंत म्हणाला, "काहीतरी बोला. तिला सांगा."

"काय सांगू?"

"काहीही. धीर द्या."

"माझ्याकडं नाही, हेमंता. असता तर तुलाच दिला असता."

बाहेर हॉर्न वाजला. दोनदा.

हेमंत अर्धवट उठला.

"फाउल!"

तीन-चार मुली एकदम ओरडल्या. सवयीनं. त्यांची त्यांनाच लाज वाटली. एक जण हसायला लागली आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं.

हेमंत परत खाली बसला. टाचा उचलल्या. बोटं टेकवली.

त्याला कुणी धरलेलं नव्हतं. उठून दहा पावलं चालायचं, बूट घ्यायचे, निघायचं. गाडी दारात होती, बोलणं पक्कं झालं होतं. तो उठला नाही. तीस वर्षं जे अंगात गेलं, ते अंगातून निघेना.

मास्तर चालत चालत त्याच्या मागं आले होते.

"मास्तर... खो द्या."

"दिला तर तुझ्या जागी मला बसावं लागेल."

"नुसता द्या. बसू नका."

"तसा खो नसतो."

"तुमचे गुडघे..."

"माझेच आहेत. मला ठाऊक आहेत."

"डॉक्टर काय म्हणाले होते, मी होतो तिथं. मीच नेलं होतं तुम्हाला."

"हो. रिक्षात माझा हात धरून बसला होतास."

हेमंतने मान खाली घातली.

"धनश्रीला सांगा. ती देईल मला खो."

"तिची जागा आहे. ती सोडून ती तुझी कशाला घेईल?"

"मग चौकोन रिकामा राहू दे! काय होतंय? एक चौकोन तर आहे!"

चौकोन रिकामा ठेवून पाठलाग करता येत नाही, हे त्या मैदानावर पाणी मारणाऱ्यालाही कळतं.

"मग मी काय करू?" हेमंत म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "तुम्हीच सांगा. राहिलो तर वर्षभरात सडेन. गेलो तर... मला दोन्ही येत नाही, मास्तर."

"मलाही नव्हतं आलं."

"पण तुम्ही तर राहिलात."

"दिल्लीच्या गाडीला मी स्टेशनवर गेलो होतो. पेटी घेऊन. कुणाला माहीत नाही. गाडी आली, थांबली, गेली. मला खो द्यायला कुणी आलं नाही." मास्तरांनी श्वास घेतला. "एवढंच. त्याला लोक निष्ठा म्हणतात."

हेमंतची पाठ हलली. रडत होता की काय, मला दिसलं नाही. त्याचं तोंड फाटकाकडं होतं.

हॉर्न पुन्हा वाजला.

मास्तरांनी हात पुढं केला. हेमंतच्या दोन खांद्यांच्या मधोमध ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. खो देताना हात एवढा वेळ ठेवत नाहीत.

"खो," ते म्हणाले.

हेमंत उठला. एका झटक्यात, शिकवल्यासारखा. विचार करायच्या आत तो दोन पावलं पुढं गेला होता.

चौकोन रिकामा झाला.

मास्तर वाकले. एक हात मातीला टेकवला. मग दुसरा. गुडघ्यांचा आवाज मला नळीच्या पाण्यावरून ऐकू आला. मी नळी टाकून धावलो. त्यांनी हाताचा पंजा वर केला. मी थांबलो.

मुली उठल्या नाहीत. धनश्रीने ओठ दातांत धरले होते. पण ती उठली नाही.

मास्तर बसले. धड नाही. एक पाय दुमडला, दुसरा बाहेर लांब पडला. पण बसले ते चौकोनात, आणि तोंड फाटकाकडं करून. कपाळावर घाम आला होता. बोटं मातीला टेकवली होती, नियमाप्रमाणं.

हेमंतने ते पाहिलं नाही. त्यानं बूट उचलले. बुटांशेजारची गुंडाळी उचलली नाही. भिंतीपाशी रुक्साना उभी होती, तिच्यापुढून तो गेला. तिनं सलाम केला. त्याच्या दोन्ही हातांत बूट होते.

तो अनवाणीच चालला. मैदान संपलं, फरशी लागली, तरी बूट घातले नाहीत.

ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं.

फाटकात हेमंत थांबला. आधी त्याचे खांदे ढिले पडले. मग मान हलली. एक खांदा मागं यायला लागला.

रुक्साना भिंतीपासून एक पाऊल पुढं आली.

मास्तर चौकोनातूनच ओरडले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून वीस वर्षांत ऐकला नव्हता.

"वळू नकोस, हेमंता! फाउल होईल!"